टायटसचा खडक

केरळातल्या विळिंजमच्या टायटसला समुद्राच्या तळाशी हेकरू माशांनी भरलेला एक खडक सापडला होता. जागा कुणाला कळू नये म्हणून तो हातातलं जीपीएस यंत्र शर्टाखाली धरून तिची नोंद करायचा. दुसऱ्या दिवशी त्याचे गळ नुसत्या वाळूत पडायचे.

“अण्णा, यंत्राला उपग्रह दिसायला हवेत, तू त्याला आपलं पोट दाखवतोस काय?” धाकटा भाऊ स्टेलस वैतागला. “नांगर टाक, यंत्र उघड्यावर ठेव आणि बिडी संपेपर्यंत हलवू नकोस.”

“म्हणजे साऱ्या गावाला आमंत्रणच की!”

“मग बस वाळू पकडत.”

टायटसने आजूबाजूच्या होड्यांवरून नजर फिरवली आणि नाइलाजाने यंत्र फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी होडी नेमकी खडकावर आली. तिथे आधीच तीन होड्या उभ्या होत्या. टायटसने त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि मधल्या फटीत आपला गळ सोडला.