केळी आधी समोरच्यांना

मुरलीधर नाना परगावच्या सामन्याला आले की आपल्या मुलींकडे नंतर वळायचे. आधी पिशवीतून केळीची फणी काढून समोरच्या संघाच्या बाकावर ठेवायचे. जळगावच्या आमच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल मी शिकवते, आणि माझा स्वभाव तापट. "आपल्याला हरवायला त्यांना ताकद कशाला देता, नाना?" मी करवादायचे. नाना म्हणत, "त्याह्यच्या घरी आलो ना आपन? पाव्हन्यानं रिकाम्या हातानं येऊ नही."

नाना सावद्याचे, केळीवाले. कोणती फणी सामन्याच्या दिवशी नेमकी पिवळी होईल, हे त्यांना बोट लावून कळायचं. बास्केटबॉलचे नियम मात्र शेवटपर्यंत कळले नाहीत. आघाडी मिळाली म्हणून बाकावरच्या पोरी नाचू लागल्या की तेवढं दटावत, "घड कापल्याबिगर वजन सांगू नही."

त्यांची नात हर्षदा माझ्याकडे खेळायची. उंच, पण चेंडू हातात आला की गोंधळायची. दुसऱ्या वर्षी मी तिला तोंडावर सांगितलं, "तुला हे जमणार नाही." आठवड्याभरात तिने खेळ सोडला आणि पुढे पुण्याला शिकायला गेली. ती खेळत होती तोवर नाना एकदाही आले नव्हते. ती गेल्यावर यायला लागले, एसटीने, एकटे. मला वाटायचं, म्हातारा मला लाजवायलाच येतो.

धुळ्याच्या कॉलेजचा हॉल पत्र्याचा. एका बाजूला चार पायऱ्या, गुणफलकाचे आकडे खिळ्याला टांगलेले. तिथल्या रखवालदाराने त्यांना एकदा विचारलं, "आबा, यामा तुम्हनी पोर कोनती शे?"

नाना त्याच्याच बोलीत म्हणाले, "बठ्ठ्याच." म्हणजे सगळ्याच.

गेल्या वर्षी त्याच हॉलमध्ये सामना अटीतटीला आला. शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका गुणाने मागे, आणि आमच्या संघातल्या एरंडोलच्या दीपालीच्या हातून तिसऱ्यांदा चेंडू निसटला. दुसरी हर्षदाच ही, असं पुटपुटत मी तिला बाहेर काढायला उठले. तेवढ्यात पायऱ्यांवरून नाना ओरडले, "मॅडम, निसवू द्या तिले!"

केळीच्या झाडातून घड बाहेर पडतो, त्याला निसवणं म्हणतात. तो कुणी ओढून काढत नाही. का कोण जाणे, मी खाली बसले. दीपालीने शेवटचा चेंडू टाकला, तो कडीवर आपटून बाहेर गेला. आम्ही हरलो.

परतीच्या बसमध्ये मी नानांशेजारी बसले. "तुमचं ऐकलं आणि हरले," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "पण हर्षदाच्या वेळी माझंच चुकलं, नाना. मी घाई केली."

नाना खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"तुमच्या बोलन्यानं नही सोडलं तिनं. 'मॅडम काही बी म्हनो, मी खेयते,' असं म्हने पोरगी. मीच म्हनलं, लोकं हासतीन, सोड. अन् तिचा येक बी सामना मी पाह्यला नव्हता."

त्यांनी पिशवीत चाचपून उरलेलं एक केळं माझ्या हातात दिलं.

या हिवाळ्यात नाना गेले. परवा धुळ्याला सामना होता. दीपाली आता कर्णधार आहे, आणि एक नवी मुलगी हातातला चेंडू सोडण्यात तिच्याही वरताण. दोनदा मी उठले आणि दोन्ही वेळा खाली बसले.

त्याआधी बाजारातून घेतलेली फणी समोरच्या बाकावर ठेवायला गेले होते. रखवालदाराने केळं दाबून पाहिलं आणि हसला. "ह्या ते बठ्ठ्या कच्च्या शेतस, मॅडम."

"असू देत," मी म्हटलं. "पिकतील. घाई काय आहे?"