मिक्सरचा दुखवटा

कोणाकडे काही वाईट घडलं की शुभदाकाकूंचा चेहरा खुलायचा. बाई दुष्ट नव्हती. तिला मनातल्या, खऱ्या गप्पा हव्या होत्या, आणि डोंबिवली पश्चिमेत तशा गप्पा फक्त समाचाराला गेल्यावरच होतात असा तिचा शोध होता.

काकू मुळात हौशी. घरी हळदीकुंकू केलं, कोजागिरी केली, एकदा तर दारावर ‘मनमोकळी संध्याकाळ’ अशी पाटी लावली. प्रत्येक वेळी गाडी बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटवर नाहीतर कामवालीच्या खाड्यांवर येऊन थांबायची. बटाटेवडे मात्र संपायचे. विश्रामकाका, म्हणजे काकूंचे यजमान, कोपऱ्यात बसून “हं” म्हणायचे. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी बाकीची भाषा सोडूनच दिली होती. खरं दुखणं हे होतं. नवऱ्याने चार वाक्यं सलग बोलावीत, म्हणून काकूंचा सगळा खटाटोप.

मग स्फूर्ती घ्यायला त्या ओळख ना पाळख अशा घरी समाचाराला जायला लागल्या. मला सोबत न्यायच्या, कारण मी शेजारीण, आणि मला मेलीला नाही म्हणता येत नाही. ठाण्यात खोपटला एका घरी त्या इतक्या रडल्या की घरच्यांनी त्यांनाच पाणी दिलं.

“बघितलंस, संचिता,” परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, “गेलेलं माणूस मध्ये असलं की कसे मोकळं बोलतात सगळे! आपल्याकडे नेमकं कोणी जात नाही गं.”

मी हात जोडले.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा जुना मिक्सर बंद पडला.

शनिवारी संध्याकाळी मला बोलावणं आलं. बघते तर पाटावर पांढरी चादर, तिच्यावर मिक्सर, भांड्याला झेंडूचा हार, शेजारी उदबत्ती. सतरंजीवर आमच्या मजल्यावरची माणसं खाली मान घालून बसलेली. चहा नाही, निघताना कोणी “येतो” म्हणायचं नाही, दुखवट्याचे सगळे नियम काकूंनी लावले होते. माझा पारा चढला होता, तरी बसले.

इतक्यात धाकूशेठ आले. आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे ते. पांढरा सदरा, गंभीर चेहरा. काकांना बघून ते दारातच दचकले.

“मना वाटला तुमीच गेलाव!”

“हं,” काका म्हणाले.

काकूंनी मिक्सर दाखवला. आलोच आहोत तर बसावं, म्हणून धाकूशेठ बसले. मिक्सरकडे बघता बघता त्यांना आईचं जातं आठवलं. जुनं घर पाडलं तेव्हा ते जातं पायाच्या भरणीत गेलं. “मी नुसता बगत रायलो, काय बोललो नाय,” म्हणाले, आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले. कोणी हसलं नाही. मीही नाही, आणि मी तर हसायचं ठरवूनच बसले होते.

मग काका खाकरले.

“तो गेलेला नाही. मीच आतली वायर सोडवून ठेवली होती.”

“अहो, पण का?” काकूंचा आवाज चढला.

“वाटलं, तू म्हणशील, ‘अहो, जरा बघा.’ पूर्वी म्हणायचीस. हल्ली काही बिघडलं की दुकानवाल्याला फोन करतेस. या वेळी तर थेट हारच आणलास.” काका सतरंजीकडे बघत होते. “माझ्याकडे आता कोणी काही दुरुस्तीला आणत नाही, शुभदा.”

चारपेक्षा जास्त वाक्यं झाली होती. आणि गप्पांसाठी गावभर हिंडलेल्या त्या बाईने हळूच उदबत्ती विझवली. मला भयंकर रडू आलं, आणि मिक्सरपुढे रडल्याची लाजही वाटली.

काकांनी स्क्रूड्रायव्हर आणून वायर जोडली. मिक्सर हारासकट घरघरला. धाकूशेठ उठले, पण उंबऱ्याशी अडले.

“आता येतो बोलू का नको?”

“बोला की,” काका म्हणाले. “पण आधी चहा घ्या.”

काकू चहा ठेवायला उठल्या आणि जाता जाता काकांपाशी थांबल्या.

“अहो, तो गीझरपण हल्ली तापत नाही. जरा बघाल का?”

गीझर ठणठणीत होता. आमच्याकडे पाणी नव्हतं म्हणून त्याच दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे कढत पाण्याने आंघोळ करून गेले होते. काकूंनी माझ्याकडे रोखून बघितलं.

“हो की नाही गं, संचिता?”

“हं,” मी म्हटलं.