पलूसच्या दारातली नदी

सत्तरच्या सालांत आमच्या मेढ्याकडच्या शाळेत सातारा जिल्ह्याचा भिंतीवरचा नवा नकाशा आला आणि जुना अडगळीत गेला. मी चौथीतनं शाळा सोडलेला गडी, पण तो जुना मागून घेतला. वाचायला नाही, चित्रांसाठी. आताच्या नकाशात नुसत्या रेघा. त्या जुन्यात किल्ल्यांना तटबुरूज, घाटात बैलगाडी, जंगलात वाघ. वाघ एवढासा, पण मिशा होत्या त्याला. एवढं जीव लावून कोण काढतं आता?

स्वयंपाकघरात टांगला. बायको भाकरी थापता थापता वर बघायची. तिचं माहेर पलूस. सांगली पूर्वी साताऱ्यातच होती, त्यामुळं पलूस त्यात असणारच. पण कराडच्या खालचं सगळं वाळवीनं खाल्लेलं. तिनं बोटानं कृष्णा धरली, कराडला आली आणि थांबली.

"आवं, माझं म्हायेर कुठं हाय?"

"वाळवीच्या पोटात."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

नवरात्राआधी आमच्याकडं भिंतींना चुना देतात, त्यात चिमूटभर नीळ घालतात. त्या वर्षी उरलेली नीळ तिनं कालवली, बाभळीची काडी चावून कुंचा केला आणि नकाशा जिथं फाटला होता तिथनं नदी खाली भिंतीवर ओढली. विहीर काढली, आंबा काढला, भावाची म्हैस काढली. नदी नेली थेट बापाच्या दारात.

"तुझ्या बापाच्या दाराला नदी कवा गेली गं? ती तर लांब भिलवडीकडनं जाती."

"तुमच्या मेढ्यावर वाघ काढलाय, तो बसलाय का हितं शेपूट हलवत? पोरपणी लय घागरी वाहिल्यात मी. आता येऊ दे की नदीच दाराला."

पुढं दरसाल चुन्यात ते पुसायचं आणि दरसाल ती नवं काढायची. पलूस वाढत वाढत साताऱ्याहून मोठं झालं.

"आमच्या मेढ्याला जागा ठेव थोडी."

"तुमचं छापील हाय की!"

गेल्या साली ती गेली. दुखवट्याच्या वर्षात सण नाही, चुना नाही. तिची शेवटची नदी तशीच राहिली. मी तिच्यासमोर बसून चहा प्यायचो. चुलीच्या धुरानं नीळ उडत चालली. कराडखाली नदी कोरडी पडली.

यंदा वर्षश्राद्ध झालं, नवरात्र आलं. सून चुन्याची बादली घेऊन उभी. "मामंजी, एवढी भिंत सोडू का?"

"सोडतीस कशाला? ती सोता पुसायची दरसाल. दे कुंचा."

बोललो खरा, पण हात जड झाला. तरी पुसलं. पांढरी भिंत बघवंना.

मग नीळ मागितली. चावायला दात नाहीत, म्हणून बाभळीची काडी दगडानं ठेचली. हात थरथरतो, त्यामुळं नदीला वळणं जास्त आली. सून पदर तोंडाला लावून हसली.

"मामंजी, ही म्हस हाय व्हय?"

"शेळी समज."

आता नदी तेवढी खऱ्यासारखी, भिलवडीकडनं लांबनं न्यावी, असं एकदा मनात आलं. नाही नेली. तिच्या बापाच्या दारातच आणून सोडली.