सासूबाईंच्या हातातलं बोलणं

आमच्या सासूबाईंची वाचा जायला लागली, ते घरात पुष्कळ दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याला कारण आमची रीत. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही, आणि त्या नावासारखा एखादा शब्द असला तर तोही तोंडात आणायचा नाही. मामंजींच्या नावात एक वार होता, म्हणून सासूबाई त्या दिवसाला जन्मभर 'बाजाराचा आदला दिवस' म्हणत आल्या. त्यामुळे तव्याला त्या 'भाकरीखालचं' म्हणायला लागल्या, तेव्हा मला आणि जाऊबाईंना वाटलं, हीही रीतच असेल. फक्त तव्याच्या नावाचा कोण सासरा या घरात होऊन गेला, ते काही आम्हाला सापडेना.

मग विळा गेला, सूप गेलं, आणि एके दिवशी माझं नावही गेलं. "ती... बोरीची... ती," असं माझ्या माहेरच्या गावावरून म्हणत त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा कुठे आमचं हसणं थांबलं.

निजामाचं राज्य होतं. आमच्या पेडगावाहून बैलगाडी जुंपून मामंजींनी त्यांना परभणीला हकिमाकडे नेलं. सोबत मीही होते. हकिमानं त्यांना खुणेनं हे उचला, ते ठेवा असं सांगून पाहिलं. त्यांनी सगळं बरोबर केलं. मग तो मामंजींना म्हणाला, "जबान जा रही है. अक्कल अपनी जगह पर है." औषध काही दिलं नाही. "औषध न्हाई, मंग हकीम कशाला?" म्हणून मामंजी वाटभर धुसफुसत होते. पण पुढे गावात कुणी बाहेरचं लागलंय म्हणालं, कुणी देवऋषी सुचवला, की ते हकिमाचं तेच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकायचे. त्या माणसाची मी आजही आभारी आहे.

आमच्याकडे सुनांनी मामंजींपुढे बोलायचं नाही. पान वाढलंय, पाहुणे आलेत, वासरू सुटलंय, सगळं दाराआडून बांगड्या वाजवून कळवायचं. नवी होते तेव्हा मला याचा भारी राग यायचा. देवानं तोंड काय नुसतं भाकरी खायला दिलंय का, असं मी मनातल्या मनात भांडायची. सासूबाईंनीच मला ते शिकवलं. नुसतं मनगट हलवायचं कधी, चौकटीवर बांगड्या घासायच्या कधी, घागरीच्या काठावर वाजवायच्या कधी. आता त्यांचे शब्द आटत गेले तशी ही बोली वाढत गेली. नातवाला हाक मारायची वेगळी, माझ्यावर रागवायची वेगळी, आणि मामंजींना तंबाखू पुरे म्हणायची तर साऱ्या घराला ऐकू जाईल अशी. ओसरीवरून मामंजी दाराकडे बघत म्हणायचे, "तुमची सासू पयल्यापरीस जास्त बोलायलीय."

बांगड्या विकणारा मणियार आला की इतर बायका रंग बघायच्या. सासूबाई कानाशी वाजवून बघायच्या आणि बद्द वाजणारी त्याच्या टोपलीत परत टाकायच्या. शेवटी तोंडात एक शब्द उरला नाही, तरी घर त्याच चालवत होत्या. त्या रीतीचे उपकार मी मानणार नाही. सासूबाईंचे मात्र मानते. मला बोलू दिलं जात नव्हतं तेव्हा त्यांनी मला बोलायला शिकवलं.

पुढे मामंजी थोड्याशा तापानं गेले. मला रडू यायच्या आधी धास्ती बसली. नवरा गेलेल्या बाईच्या हातात काच ठेवत नाहीत. त्या बांगड्या फुटल्या की सासूबाई खरोखरच्या मुक्या होणार होत्या.

अंगणात बायका हेल काढून रडत होत्या, गेलेल्या माणसाचे एकेक गुण आठवून सांगत होत्या. सासूबाईंना कुठून ते जमणार? त्या हात मांडीत घेऊन गप्प बसल्या होत्या. "हिला काई कळंनाच बगा," असं कुणीतरी पुटपुटलं. मामंजींची थोरली बहीण त्यांच्या आजारपणापासून आमच्याकडे होती. ती स्वतः विधवा, जिभेची तिखट, तिच्या शब्दापुढे भावकीत कुणी जात नसे. बांगड्या फोडायचा दगड तिच्याच हातात होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आत्याबाई, बांगड्या नका फोडू. त्या त्यातूनच बोलत्यात. फुटल्या तर त्यायचं तोंड मिटल."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "रीत हाय ती, पोरी. काच न्हाई ठिवता येत."

दगड पडला. हिरवा चुरा जमिनीवर सांडला आणि मी तोंड फिरवलं.

परत पाहिलं तर आत्याबाई आपल्या स्वतःच्या हातातले चांदीचे गोट ओढत होत्या. चांदी विधवेला चालायची. इतक्या वर्षांचे ते गोट, निघेनात. मला तेल आणायला सांगितलं, तेल लावून दोन्ही काढले आणि सासूबाईंच्या एकाच मनगटात घातले, एकमेकांवर आपटतील असे.

"बोल आता," त्या म्हणाल्या. "माजा भाऊ गेलाय. तू गप कशी बसशील?"

सासूबाईंनी हात उचलला. आधी हळू, मग जोरानं. बायकांच्या हेलात त्यांची चांदी वाजायला लागली, आणि एकेक बाई आपले शब्द थांबवून ते ऐकत राहिली. काय सांगत होत्या ते आम्हा दोघी सुनांना बरंचसं कळलं. भावकीला एवढं कळलं की ही बाई नवऱ्यासाठी रडते आहे.

सुतक फिटल्यावर आत्याबाई चारठाण्याला परत निघाल्या. त्यांच्या मोकळ्या मनगटांवर गोटांचे वळ तसेच होते. गाडीत बसायच्या आधी मी पाया पडले. त्यांनी घराकडे कान दिला. आतून चांदीचा आवाज येत होता, सासूबाई कुणावर तरी रागवत होत्या.

"बोलायलीय न्हवं?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग झालं."