कपाटातली ताटं

“माझ्या यंत्रांचा त्रास या चार भिंतींबाहेर जाणार नाही,” असं नगवान आईला म्हणाली होती.

त्या भिंतींत एक काचेचं कपाट होतं. आमच्या अलेक्झांड्रियात नवरीला ते लागतंच. त्यात मांडलेल्या ताटांत मरेपर्यंत कुणी जेवत नाही. नगवानचं लग्न मोडलं, ताटं उरली. अडतिसाव्या वर्षी, करकचेरीतल्या खुर्चीला कंटाळून, तिने ती खोक्यांत भरून दिवाणाखाली ढकलली आणि कपाटात भंगारबाजारातले राउटर रचले. नेटवर्कच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. पास झाली तरी पुढच्या परीक्षेला ते कपाट लागणारच होतं.

“इमारतीतून एक तक्रार आली,” आई, मादाम इन्शिराह, म्हणाली होती, “की ताटं परत वर.”

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी, अडीच वाजता, मी, समोरच्या घरातली शेजारीण, कॉफीला आले होते. दार धडधडलं. दुसऱ्या मजल्यावरचे हाजीसाहेब, हज्ज शाबान. त्यांच्या एकाच इंटरनेट लाइनवर सहा घरं चालतात. कपडे वाळत घालायच्या दोरीबरोबर तार बाल्कनीतून बाल्कनीत जाते.

“बाश्मुहंदिसा, इंजिनीअरबाई, वाचव! सकाळपासून नेट मेलंय. तीनला मॅच आहे!”

“हज्ज, मला चारला परीक्षा आहे.”

“मग पाच मिनिटं दे. ते कंपनीवाले, गाढवाची अवलाद, फोन उचलत नाहीत.”

ती कपाटाकडे वळली आणि थबकली. मलाही दिसलं. सकाळच्या उजळणीच्या घाईत बाल्कनीतली तार तिने सरावाच्या राउटरला लावली होती. कुठल्या घराला नेटवरचा कुठला पत्ता, हे हज्जच्या यंत्राने ठरवायचं, एवढं तिची उजळणी ऐकून मलाही ठाऊक होतं. तिचंच यंत्र पत्ते वाटत सुटलं होतं. सहा घरांचा देव झाली होती बाई, आणि सगळ्यांना नरकाचा पत्ता देत होती.

तिने तार उपटली. “सगळ्यांना टीव्ही बंद करून चालू करायला सांगा.”

हज्ज जिन्यात ओरडले. थोड्या वेळाने खालून आरोळी आली, “आलं!”

“सोन्याचा हात आहे, पोरी! काय झालं होतं गं?”

नगवानने तोंड उघडलं.

“सांग की,” भेंडी चिरता चिरता आई म्हणाली. “काय झालं होतं? मलाही कळू दे.”

घड्याळात तीन वाजत आले होते. आईने सुरी ठेवली, हात गाउनला पुसले, वाकली आणि दिवाणाखालचं पहिलं खोकं ओढलं. आत ताटं किणकिणली.

नगवानने पिशवी खांद्याला अडकवली आणि हज्जना वळसा घालून, जिना उतरून परीक्षेला गेली.