हुसेनभाईची पेंड

तेल विकलं गेलं की ते कुणाच्या लक्षात राहत नाही. पेंडीचं तसं नाही. ती घाण्याच्या कोपऱ्यात पडून राहते, तिच्यासाठी माणसं येतात, टेकतात, गप्पा मारतात आणि जाताना एखादा किस्सा सोडून जातात. माझ्याकडे असे खूप साठलेत. वाईट एवढंच, की त्यातल्या प्रत्येकात हुसेनभाई आहे!

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. तळोद्यात आमचे दोन घाणे समोरासमोर. मधे बोळ. तो मागे बंद व्हायचा, आणि तिथे दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमधे एकच भिंत. मोहाच्या बिया दोघांकडे त्याच, तोरणमाळवरून डोक्यावर गाठोडी घेऊन उतरणाऱ्या लोकांनी आणलेल्या. बैलही एकाच बाजारातले. मोहाची पेंड गुरं खात नाहीत, कडू लागते. पण तिला गिऱ्हाईक भरपूर. डोंगरातले लोक ती डोहात टाकून मासे गुंगवायचे, तापीकाठचे ऊसवाले वाळवीसाठी न्यायचे आणि गावातल्या बाया तिनं केस धुवायच्या. आणि हे सगळे जायचे कुठे? समोर!

त्याच्या पेंडीचा खडा काळसर, घट्ट, कडा सुरीनं कापल्यासारख्या. माझा तांबूस, भुसभुशीत. बोळाच्या टोकावरूनसुद्धा मी त्याचा खडा ओळखायचो. एकदा, फक्त एकदा कुणीतरी त्याच्या ओट्यावरून उठून माझ्याकडे यावं आणि म्हणावं, ‘नथू, तुझीच चांगली.’ बाकी मला आयुष्यात फारसं काही नको होतं.

•

हुसेनभाई पेंडीत काहीतरी घालतो, अशी माझी खात्री होती. म्हणून मी दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचो. एकदा बघता बघता इतका रंगलो, की आमचा बैल कधी थांबला ते मला कळलंच नाही. बैलाच्या डोळ्यांवर झापड, तो उभा. मी उघड्या डोळ्यांनी उभा. मागून बाप आला.

“झापड बैलले नको,” तो म्हणाला, “तुले बांधाले पाहिजे!”

समोरून हुसेनभाई खो खो हसला. हसला तेही माझ्यापेक्षा चांगलं!

•

त्याच दिवशी घाण्यात आधी तीळ गाळले होते. मोह घालण्याआधी घाणा खरवडून काढायचा असतो, हे तेल्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण माझं लक्ष समोर! तिळाच्या गोड चोथ्यावरच मी मोहाच्या बिया ओतल्या.

दुसऱ्या दिवशी डोंगरातला एक पावरा गडी हुसेनभाईकडे निघालेला मी बोळातच अडवला. “आज माझी ने. पैसे देऊ नकोस, नुसती बघ,” म्हणालो. घरी ते पावरी बोलायचे, पण बाजारात आमच्याशी अहिराणीत. पुढच्या बाजाराला गडी आला.

“काय रे, मासे वर आले का?”

“उनात ना भाऊ! वर उनात, पेंड खाई लिधी, नि परत खाले ग्यात!”

आणि समोरच्या ओट्यावर जाऊन बसला.

•

लोणखेड्याकडचा एक गुजर शेतकरी उसासाठी गाडीभर पेंड न्यायचा. हातापाया पडून मी त्याला अर्ध्या शेतात माझी टाकायला लावली. ऊस उभा राहिल्यावर तंगड्या तोडत बघायला गेलो. अर्धा ऊस डोक्याच्या वर, अर्धा बेताचा. 

“यातली माझी बाजू कुठली?”

“कोनाले माहीत? गडीसनी बठ्ठी पेंड एकमा मिसळी टाकी.” मग त्यानं उंच उसाकडे बोट केलं. “पन हाऊ हुसेनभाईनी पेंडना शे.”

“कशावरून?”

“चांगला उना ना, त्यावरथीन!”

परत येताना मी रस्त्यात पाणीसुद्धा प्यालो नाही.

•

मग एका साहेबाचा कॅम्प पडला. मेमसाहेबांना डाकबंगल्यापुढच्या लॉनमधली गांडुळं नको होती. मोहाची पेंड पाण्यात कालवून शिंपडली की गांडुळं जातात, असं कुणीतरी साहेबाला सांगितलं. ऑर्डर हुसेनभाईकडे पोचायच्या आत मी पोतं खांद्यावर टाकून हजर! या वेळी घाणा मी दोनदा खरवडला होता.

शिंपडली. थोड्या वेळानं गांडुळं वर यायला लागली. यायला लागली ती थांबेनात. लॉन हिरवं दिसेना. मेमसाहेब खुर्चीवर उभ्या राहून किंचाळल्या. ती पेंड गांडुळं आधी वर काढते, मग ती झाडून टाकायची असतात, हे साहेबाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पट्टेवाला पळत आला.

“साहेब इचारी ऱ्हायना, ह्या परत खाले धाडाले हुसेनभाईकडे काही पेंड शे का?”

•

आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. माझ्या बायकोचे, यमुनाचे केस. काळेभोर, गुडघ्यापर्यंत. विहिरीवर बाया तिला विचारायच्या, काय लावतेस गं? मी ओट्यावर बसून मोठ्यानं सांगायचो, “आमच्या घाण्याची पेंड!” हुसेनभाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तो मान खाली घालून बैल हाकायचा. कसलं गार वाटायचं!

आणि एका दुपारी तो आला. स्वतः. बोळ ओलांडून, माझ्या ओट्यावर. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “नथू, खरं सांग. तू पेंडमा काय टाकस?”

“मी? का?”

“मन्ही बायको मन्ही पेंडले हात लावत नही. आज पकडी तिले. तुन्ही पेंड लाईसन डोकं धोस! म्हने, केस तुन्हीच पेंडघाई मऊ ऱ्हातस.” त्याचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. “मी रोज तुन्हाकडे देखत ऱ्हास. मले काही समजत नही.”

मित्रांनो, त्या क्षणी मला कुणी गादीवर बसवलं असतं तरी मी उतरून आलो असतो! हुसेनभाईला मी पाणी दिलं, पान दिलं, आणि “घराण्याची विद्या आहे” असं म्हणून वाटेला लावलं. मग धावत घरात गेलो, माजघरातून थेट मागच्या अंगणात.

“ऐकलंस का! हुसेनभाईची बायको आपली पेंड लावते! आपली!”

यमुना भिंतीजवळ दगडावर केस सोडून बसली होती. वाटीत पेंड भिजत घातलेली. वाटीशेजारी उरलेला खडा. काळसर, घट्ट, कडा सुरीनं कापल्यासारख्या.

मी खडा उचलला. तिनं मान वळवली नाही. केसांतून बोटं फिरवत म्हणाली,

“त्यासले काही बोलू नका हं. नहीते भाभीनी नि मन्ही अदलाबदली बंद व्हई जाई.”