निळ्या डागातली सुई

पाथरीत एका लग्नात मंगलाष्टकं म्हणताना मला असा ठसका लागला, की पुढची नवरीच्या मामानं म्हटली. भिक्षुकी करणाऱ्याचा आवाजच गेला तर उरलं काय? खोकला बरेच दिवस होता, मी अंगावर काढत होतो. हिनं त्याच संध्याकाळी सुनेला फोन केला.

सून परभणीला छातीच्या आजारांची डॉक्टर आहे. तिनं दुसऱ्याच दिवशी बोलावून स्कॅन काढला. दोन्ही फुप्फुसांच्या मधे गाठी सुजल्या होत्या.

"कॅन्सर का?" मी विचारलं.

"असू शकतो मामा. टीबीही असू शकतो. तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

तपासणी तिनंच करावी, असा मी हट्ट धरला. ती नको म्हणत होती. शेवटी तिचे वरिष्ठ डॉक्टर शेजारी उभे राहणार म्हटल्यावर तयार झाली. तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालायची, नळीच्या टोकालाच सोनोग्राफी, आणि तिथूनच सुईनं गाठीतल्या पेशी काढायच्या.

"बाजारात पेरू दाबून बघता ना, तसंच," ती म्हणाली. "आत हात पोचत नाही. पण हृदयाच्या ठोक्यानं, श्वासानं गाठ जराशी दबते. किती दबली ते मशीन रंगात दाखवतं. मऊ ती हिरवी, कडक ती निळी. कॅन्सरची गाठ बहुतेक कडक असते."

मला गुंगीचं औषध दिलं होतं. जाग आली तेव्हा खाटेजवळ वालूरचे माझे थोरले भाऊ उभे होते. मोठी गाठ हिरवी दिसली एवढंच कुणाकडून तरी ऐकून त्यांनी पेढे आणले होते.

सून आत आली. "काका, पेढे राहू द्या. मोठी गाठ हिरवी आहे, पण खालच्या गाठीत निळा डाग दिसला. सुई मी त्या डागातच घातली. पेशी तपासून येऊ द्या."

"हिरवं म्हंजे चांगलं, असं तूच ह्याला म्हनलीस ना?"

"बहुतेक वेळा. नेहमी नाही. रंगानं सुई कुठं घालायची ते कळतं, आजार कळत नाही."

"घरच्या मानसाला जरा धीर तरी द्यावा की!" भाऊ चिडून बाहेर गेले. तिनं माझी नाडी धरली, तेव्हा तिची बोटं गार पडली होती. भीती तिलाही होती, तरी सगळ्यांच्या आनंदासाठी तिनं एक शब्दही वाढवून सांगितला नव्हता. असली पोर आपल्या घरात आली, याचा मला त्या खाटेवर लय अभिमान वाटला.

तपासणीत टीबी निघाला. निळा डाग जुन्या जखमेच्या वणासारखा कडक झालेला भाग होता, कॅन्सर नव्हता. फोनवर हे सांगताना मात्र ती रडली. औषधं बरेच महिने चालली, पोटाला त्रास झाला, पण नेमानं घेतली. खोकला गेला.

परवा भाऊ वालूरच्या एका शेजाऱ्याला घेऊन तिच्या दवाखान्यात आले. मीही तिथंच बसलो होतो. शेजारी घाबरला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून भाऊ म्हणाले, "आमची सून हाय. गोड बोलनार न्हाई, पन खोटं बी बोलनार न्हाई. बिनघोर जा आत."